निळ्या बंडीवाल्याचा हात

विषय : पुनर्वसन केंद्राच्या व्यायामकक्षातील मारामारीचे खेळयंत्र, नग एक, निर्लेखित न करणेबाबत.

संदर्भ : १) भांडारपालांनी सूचनाफलकावर लावलेली मोडीत काढावयाच्या वस्तूंची यादी, अनुक्रमांक सात.
२) अर्जदाराच्या थोरल्या बहिणीचा उजवा हात.

अर्जाला हे दोन संदर्भ पुरेसे होते. दुसऱ्या संदर्भाला पुरावा म्हणून काय जोडायचे, ते मात्र बापूंना सुचेना. छत्तीस वर्षे आवक-जावक टेबलावर काढलेल्या माणसाला सहपत्र सुचू नये, ही त्यांच्या मते या प्रकरणातली सर्वांत भीतीदायक गोष्ट होती. बाकीच्या गोष्टी त्यानंतर येतात.

१

बापूंची थोरली बहीण म्हणजे अक्का. त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, तेव्हा तिने शिवणयंत्र पुढे ओढले आणि शाळांचे गणवेश शिवून घर चालवले, बापूंना शिकवले. बापूंच्या पदवीवर सही-शिक्का विद्यापीठाचा होता, टाके सगळे अक्काचे. पुढे बापूंची बायको वारली आणि भाऊ-बहीण पुन्हा एका छपराखाली आले. मग एके दिवशी सकाळी चहा गाळता गाळता अक्काची उजवी बाजू गेली.

पाय तीन महिन्यांत परत कामावर रुजू झाला. जीभ तर एक दिवसही रजेवर गेली नव्हती. हात मात्र आला नाही. मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी राही, पेपरवेटसारखा.

रविवार सोडून रोज साडेदहाला बापू तिला पुनर्वसन केंद्रात नेत. व्यायामकक्ष लांबट होता. खिडक्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडे उघडत, त्यामुळे उजेड यायचा तो भिंतीला विचारून. धरून चालायचे दांडे, कप्पीला लटकवलेल्या दोऱ्या, भोकांच्या फळीत खोचायच्या लाकडी खुंट्या. आणि अगदी कोपऱ्यात, कपाटाएवढे एक यंत्र. कुठले तरी खेळाचे दुकान बंद पडले, तेव्हा कोणा दात्याने ते इथे आणून सोडले होते. नाणे टाकायच्या फटीवर चिकटपट्टी, आणि फुकट सुरू करायला बाजूला एक बटण. ते कधी बंद होत नसे. बंद करायचा खटका मागे भिंतीशी होता, आणि इमारतीला जनरेटर असल्याने वीजही जात नसे. त्यामुळे ते दिवसरात्र आपल्याच नादात गुरगुरत राही.

खुंट्या खोचून अक्का वैतागली, तेव्हा व्यायाम घेणाऱ्या फिजिओबाईंनी तिला यंत्रापुढच्या स्टुलावर नेऊन बसवले.

"डाव्या हातानं ही दांडी धरायची, अक्का. उजव्यानं बटण. माणूस आला की मारायचं."

"त्या माणसानं माझं काय वाकडं केलंय?"

"काहीच नाही."

"तरी मारायचं? बापू, तुमच्या ऑफिसात असंच चालायचं ना रे?"

"आमच्याकडे आधी नोटीस द्यायचो," बापू म्हणाले.

फिजिओबाई हसल्या आणि त्यांना दुसऱ्या स्टुलाकडे बोट दाखवले. "काका, तुम्ही पण बसा. दोघांचा खेळ आहे."

२

अशा रीतीने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी बापू पिवळ्या बंडीचा गुंड-संहारक झाले आणि अक्का निळ्या बंडीची.

खेळाची कथा पोस्टकार्डावर मावेल इतकी होती. शहरात टोळी आहे, टोळीने कोणाला तरी पळवले आहे, आणि दोन दांडगे मित्र रस्त्यावरून उजवीकडे चालत, दिसेल त्याला बदडत, त्याला सोडवायला निघाले आहेत. पोलिसांत तक्रार कोणी दिली नाही, याचे बापूंना पहिल्या दिवशी फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी सवय झाली. आठव्या दिवशी ते घरून निघताना अक्काच्या आधी चपला घालून उभे होते.

खेळात खोट काढायला जागा पुष्कळ होती. शत्रू सगळे मिळून चार. काठीवाला, सुरेवाला, पोट पुढे काढून धावत येणारा जाडा आणि चाबूकवाली बाई. पुढच्या टप्प्यात हेच चौघे शर्टाचा रंग बदलून येत, आणि लाल शर्टात दोन ठोशांत पडणारा काठीवाला जांभळ्या शर्टात सहा घेई. बापूंना यात काही नवे नव्हते. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर बढतीने गेलेली माणसे त्यांनी पाहिली होती. उडी मारायचे बटण होते, पण उडी मारून कोणाचे भले झाल्याचे दिसले नाही. आपण बोटभर वर किंवा खाली उभे असलो तर ठोसा शत्रूच्या अंगावरून हवेत जाई, शत्रूचा मात्र बरोबर लागे. टप्प्याच्या शेवटी येणारा मुकादम स्वतः लढत नसे, शिट्टी वाजवून माणसे बोलावी. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे आपला ठोसा आपल्याच जोडीदारालाही लागत असे.

"बापू, मला मारतोयस."

"तू मध्ये आलीस."

"लहानपणी तोंडातून शब्द काढायची टाप नव्हती तुझी."

पण खोट काढून झाल्यावरही माणूस स्टुलावरून उठत नसे, तिथे त्या खेळाचे खरे मर्म होते. दिशा एकच, उजवीकडे. समोरचे सगळे पडले की वर एक बाण लुकलुके : पुढे चला. आयुष्यात असा बाण बापूंना कधी कोणी दाखवला नव्हता. ठोसा लागला की ओल्या गोणीवर दांडका बसल्यासारखा आवाज येई, आणि तो ऐकून छातीतले काहीतरी सैल होई. कचऱ्याचा डबा फोडला की त्यात सबंध भाजलेली कोंबडी निघे, वाफा येणारी. ती उचलली की अंगात पुन्हा बळ. कचऱ्यातली कशी खायची, असा अक्काचा आक्षेप होता, तोही चौथ्या दिवशी मावळला. आणि दोघांनी खांद्याला खांदा लावून चालायचे. त्या दोन स्टुलांवर बसल्यावर बापूंच्या ध्यानात आले, की पन्नास वर्षांत आपण अक्काशेजारी इतका वेळ असे कधी बसलोच नव्हतो. ती शिवणयंत्रावर वाकलेली असायची आणि आपण पुस्तकावर.

अक्काचे उजवे बोट बटणावर ठेवले जाई, ठेवले तिथे राही. निळा बंडीवाला चाले आणि मार खाई. तरी ती रोज बसत होती.

३

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, बापूंना ते दिसले.

टप्पा संपला की दोन्ही वीर क्षणभर थांबत आणि दोन्ही मुठी छातीशी धरून दम घेत. दम घेणे म्हणजे दोनच चित्रे आळीपाळीने. खांदे वर, खांदे खाली. त्या दिवशी पिवळ्याच्या दोन्ही मुठी वर होत्या. निळ्याची एकच होती. उजवा हात कुशीला लोंबत होता.

बापूंनी चष्मा पुसला. त्यांना डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, त्यामुळे त्यांनी उजव्या डोळ्याने पाहिले. हात लोंबत होता. मग जुन्या यंत्राच्या काचेत डाग पडतात, पट्टे जातात, हे त्यांनी स्वतःला नीट समजावून सांगितले. डाग निळ्याबरोबर चालत जात नाही, हेही त्यांना कळत होते. ते त्यांनी स्वतःपुढे मांडले नाही. काही कागद मुद्दाम फाइलच्या तळाशी ठेवायचे असतात.

"बापू," अक्का हळूच म्हणाली, "हे बघ."

ती काचेकडे बघत नव्हती, बटणाकडे बघत होती. तिची तर्जनी बटणावरून उचलली गेली, आणि खाली आली. निळ्याने ठोसा मारला. डाव्या हाताने.

फिजिओबाई धावत आल्या. त्यांनी अक्काला मिठी मारली, बापूंना मिठी मारली, आणि वहीत तारीख घातली. बापूंच्या डोळ्यांना धार लागली होती. त्या धारेतून त्यांनी पुन्हा काचेकडे पाहिले नाही.

४

त्यानंतर हात झपाट्याने आला. आठवड्यात पाचही बोटे, पंधरवड्यात पेला, महिन्याच्या आत कात्री. पकड अशी, की लोणच्याच्या बरणीचे झाकण जन्मभर बापूंकडे येत असे, ते आता यायचे थांबले. घरात सणासारखे वातावरण होते. बापूंनी मुळात देव मानलेला नव्हता, पण आभार मानायला कोणीतरी लागतो म्हणून ते रोज सकाळी खिडकीकडे बघून मोघम हात जोडत.

हातात दोनच गोष्टी खटकत होत्या.

पहिली शिवणाची. अक्काने पहिल्यांदा सुई धरली तेव्हा बापू समोर बसले होते. जन्मभर उजवीकडून डावीकडे टाके घालत आलेली अक्का डावीकडून उजवीकडे निघाली. टाके एकसारखे आणि घट्ट, कापडात ठोकल्यासारखे. कडेला पोचल्यावर तिने कापड फिरवले नाही. हात तिथेच थांबला, सुई हवेत धरून.

"बखिया घाल की," बापू म्हणाले. शिवणकाम ऐकून ऐकून त्यांना शब्द येत होते.

"बखियेला हात मागे यावा लागतो," अक्का म्हणाली. "हा मागे येत नाही."

दुसरी गोष्ट दुपारची. जेवण झाल्यावर अक्का आरामखुर्चीत डुलकी घेई. बापू वर्तमानपत्र घेऊन समोर बसत. घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज आणि अक्काचा संथ श्वास. त्या दिवशी पान उलटताना त्यांची नजर वर गेली. अक्का गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडे. डावा हात मांडीवर सैल पडला होता. उजवा छातीशी मूठ वळून उभा होता. आणि तो वर-खाली होत होता. श्वासाबरोबर नव्हे. बापूंनी मोजून पाहिले. अक्काच्या एका श्वासात हात तीनदा वर, तीनदा खाली. मधली अवस्था त्याला नव्हती. वर असे, नाहीतर खाली असे.

फिजिओबाईंना त्यांनी दुसऱ्या दिवशी आडून विचारले.

"ताठरपणा असतो काका. अशा आजारात मूठ आपोआप वळते."

"आणि ताल धरते?"

"थरथर म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसंच काहीतरी," बापू म्हणाले. तज्ज्ञाने कारण दिले की कारकुनाने ते उतरवून घ्यावे. त्यांनी घरच्या टिपणवहीत उतरवून घेतले. मग दुपारी वर्तमानपत्र आडवे न धरता उभे धरायला लागले.

५

मध्ये अक्काला सर्दी झाली आणि एक दिवस दोघे घरीच राहिले. अकरा वाजून वीस मिनिटांनी ती जुन्या अभ्र्याचे दोरे कापत होती, तेव्हा कात्री खाली पडली. हात मांडीवर आला आणि तिथेच राहिला. बापूंनी बोटे उचलली, सोडली. थंडगार होती. अक्का रडली नाही. "सांगून तरी जायचं," एवढेच म्हणाली, कोणाला ते कळले नाही.

पाऊण तास बोटे चोळून झाल्यावर बापू टॅक्सी आणायला चपला शोधत होते, तेवढ्यात, बारा वाजून दहा मिनिटांनी, हात उठला, कात्री उचलून पुन्हा दोऱ्याला लागला. दोन्ही वेळा बापूंनी वहीत टिपल्या. घाबरलेल्या माणसाने वेळ टिपावी, हे त्यांनी नोकरीत शिकलेले एकमेव अध्यात्म.

दुसऱ्या दिवशी केंद्रात खेळयंत्र भिंतीपासून हातभर पुढे सरकलेले होते.

"काल भांडारपाल आले होते मोजदादीला," फिजिओबाई म्हणाल्या. "मागं कोळ्यांचं राज्य होतं नुसतं. प्लग काढून सरकवलं."

"कधी काढला प्लग?"

"साधारण सव्वाअकराच्या पुढे असेल. बाराला चहा झाला, मग लावला. का हो?"

"सहज," बापू म्हणाले.

एका घटनेवरून निष्कर्ष काढणारा कारकून पहिल्याच तपासणीत सापडतो. योगायोग म्हणायचा की नाही हे ठरवायला दुसरी घटना लागते, आणि ती घडवणे सोपे होते. यंत्र आता भिंतीपासून सुटले होते, प्लग हाताशी होता. अक्का पलीकडे फिजिओबाईंना पेला धरून दाखवत होती. बापू वाकले. त्यांनी प्लग धरला. तो कोमट होता, मनगटाइतका कोमट, आणि चिमटीत काहीतरी मंद ठेका धरून होते. एक, दोन. एक, दोन.

त्यांनी प्लग सोडला आणि नीट आत दाबला. योगायोग, असे त्यांनी ठरवले.

त्याच दिवशी बाहेरच्या फलकावर यादी लागली. अनुक्रमांक सात : खेळयंत्र, जुने, निरुपयोगी.

६

भांडारपाल हा गोलमटोल, घामाळलेला, मनाने चांगला माणूस होता. त्याच्या कपाटात वस्तू कमी आणि पावत्या जास्त होत्या.

"काका, वीस वर्षं जुनं धूड आहे ते. जागा अडवतं. तिथं नवीन सायकल बसवायचीय."

"माझ्या बहिणीचा हात त्याच्यावर आला."

"आला ना? मग झालं की काम. देवाचे आभार माना."

"आभार मशीनचेच मानायचेत, त्यासाठी ते जागेवर लागेल ना," बापू म्हणाले.

"अर्ज द्या मग," भांडारपाल म्हणाला. हे शब्द बापूंनी छत्तीस वर्षे इतरांना सांगितले होते. ऐकायला कसे लागतात ते पहिल्यांदाच कळले.

घरी आल्यावर त्यांनी अक्काला विचारायचे ठरवले. ती खिडकीशी बसून शिवत होती, डावीकडून उजवीकडे.

"अक्का, तुला ठाऊक आहे?"

"काय?"

"हाताचं."

"माझ्या खांद्याला लागलाय, मला ठाऊक नसेल?"

"मग बोलली नाहीस."

"तू लेखी मागितलं असतंस."

बापू खुर्चीत बसले. अक्काने सुई कापडात टोचून ठेवली.

"मी मागितला नव्हता त्या निळ्याकडं," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात, आठवतंय? चौघांनी कोपऱ्यात धरलं होतं मला. तू पुढे गेला होतास कोंबडी खायला. माझं बोट उचलत नव्हतं, नुसता मार बसत होता. तेव्हा त्यानं वळून बघितलं."

"ती चित्रं आहेत, अक्का. त्यांचं तोंड एका बाजूनंच काढलेलं असतं. वळायला दुसरं तोंडच नसतं त्यांना."

"तेच सांगतेय मी."

"कशाला देईल तो?" बापूंनी विचारले.

"आपण बसमध्ये उठून जागा देतो की नाही? देणारा कुठं विचारतो, तुम्हाला किती लांब जायचंय म्हणून." तिने उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला, परक्याच्या घरातली चांगली वस्तू बघावी तसा. "भला माणूस आहे. मी रोज निघताना काचेला हात लावून सांगते त्याला. तुझे उपकार आहेत म्हणते. दुसरं काय देणार? आता त्याला भंगारात घालतात म्हणे. बापू, हात माझा जाईल तो जाऊ दे. पण त्याच्याकडं माझा आहे रे, लुळा. तेवढाच घेऊन जाईल बिचारा."

बापूंनी त्याच संध्याकाळी अर्ज लिहायला घेतला.

७

दुसऱ्या दिवशी ते अर्ज घेऊन एकटेच गेले, दहाच्या सुमारास. भांडारपाल आला नव्हता. व्यायामकक्ष उघडा होता. फिजिओबाई पलीकडच्या खोलीत कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या, शब्द कळत नव्हते, नुसता सूर. दोऱ्या कप्पीवरून लोंबत होत्या. टाकीच्या भिंतीचा राखी उजेड फरशीवर पडला होता.

यंत्रापुढे कोणी नसले की खेळ आपला आपण चाले. दोघे वीर येत, काठीवाल्याला बडवत, मग खेळाचे नाव लागे, मग पुन्हा पहिल्यापासून. बापूंनी ते शंभरदा पाहिले होते. आज पिवळा नव्हता. काठीवालाही नव्हता. निळा बंडीवाला रिकाम्या रस्त्यावरून एकटा चालला होता. डावी मूठ छातीशी, उजवा हात लोंबता. वर बाण लुकलुकत होता, पुढे चला. दिव्याच्या खांबाखाली तो थांबला.

बापू जवळ गेले. जायचे नव्हते, पण चष्म्याचा नंबर वाढला होता.

लोंबत्या हाताचा अंगठा तर्जनीवरून फिरत होता. हळूहळू, पुढे. शिंपीकाम करणारी बाई ओवलेल्या दोऱ्याला गाठ मारताना बोटावर वळते, तसा. त्या चित्रातला अख्खा हात पाच-सहा चौकोनी ठिपक्यांचा होता. त्यात अंगठा काढायला जागाच नव्हती.

मग तो वळला. आधी खांदे, आणि मग बाकीचा, काचेकडे.

त्या दिवशीच्या टिपणात बापूंनी, रिकाम्या रकान्यात लिहितात तसे, लिहिले आहे, "चेहरा : निरंक." त्यापुढची ओळ त्यांनी मोकळी सोडली आहे.

त्याने डाव्या हाताने उजवा उचलला, जड सामान उचलावे तसा, आणि आतून काचेला लावला. पंजा चित्रातला नव्हता. खऱ्या मापाचा होता, वयस्क, शिरा आलेला. तर्जनीचे नख मधोमध दुभंगलेले होते. अक्का एकोणीस वर्षांची असताना शिवणयंत्राची सुई त्या बोटातून आरपार गेली होती. बापूंच्या परीक्षेचा आदला आठवडा, गणवेशांचा ढीग. नख तेव्हापासून दुभंगूनच वाढत आले. आणि आज सकाळी तिने चहाचा कप पुढे केला तेव्हा, आता बापूंना आठवले, कपाच्या कानावरचे नख गुळगुळीत होते.

दुभंगले नख काचेवर टकटकले. दोनदा. थांबून, पुन्हा दोनदा. त्या आवाजात राग नव्हता. बापूंच्या खिडकीपाशी जन्मभर माणसे अशीच काच वाजवत आली होती. वारसाच्या दाखल्यासाठी, थांबलेल्या पेन्शनीसाठी, सकाळपासून उभी राहून, अदबीने.

बापूंची सवय मात्र जागेवर होती.

"आपले म्हणणे समजले," ते म्हणाले. आवाज आपलाच आहे हे त्यांना उशिरा कळले. "आम्ही आपले फार आभारी आहोत. फार. तिनं या हातानं मला चहा दिला आज. प्रकरण विचाराधीन आहे."

पंजा काचेवर तसाच राहिला. मग निळ्याने तो काढून घेतला, पाठ फिरवली, आणि बाणाच्या मागे निघाला. दाराशी फिजिओबाईंचे "अय्या, काका, एवढ्या लवकर?" ऐकू आले तेव्हा काचेवर खेळाचे नाव लागले होते.

काचेच्या आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर, वाफेचा डाग होता. बापू बघत होते तोवर तो विरला.

८

अर्ज बापूंनी त्याच दिवशी आवक केला. त्याला एकूण चार सहपत्रे जोडली असल्याचे नमूद होते. जोडली तीन.

भंगारात काढायच्या वस्तूवर कोणाची हरकत आली, तर ती निकालात निघेपर्यंत वस्तू जागची हलवता येत नाही. प्लगसकट. अर्ज मंजूर झाला तर यंत्र दुसऱ्या खोलीत जाईल, म्हणजे प्लग निघेल. नामंजूर झाला तर भंगारात. सुरक्षित जागा एकच होती, मधली, आणि त्या जागेचा नकाशा बापूंइतका कोणाला पाठ नव्हता. तीन आठवड्यांनी भांडारपालाचे पत्र आले, सहपत्र चार आढळून येत नाही. बापूंनी पंधरा दिवस घेऊन ते सादर केले, तारीख मागच्या वर्षीची घालून. तेही परत आले. मग अनुक्रमांक सातऐवजी सतरा पडला.

"काका," भांडारपाल एकदा घाम पुसत म्हणाला, "तुम्ही छत्तीस वर्षं हेच काम केलं ना?"

"हो."

"मग इतक्या चुका?"

"वय झालं," बापू म्हणाले.

त्याने पत्रावर शेरा मारला : त्रुटीपूर्तता करून फेरसादर. लिहिताना तो बारीक हसत होता असे बापूंना वाटले.

रोज साडेदहाला दोघे जातात. अक्का निळा घेते, बापू पिवळा. एका हाताच्या जोडीदाराला मार फार बसतो, म्हणून पिवळा आता पुढे उभा राहतो आणि ठोसे अंगावर घेतो. डब्यातली कोंबडी बापू उचलत नाहीत. निळा येईपर्यंत थांबतात. टप्पा संपला की निळा दम घेतो, आणि कधी कधी बापूंना काच वाजल्यासारखी वाटते. ते दांडी सोडून हात जोडतात. फिजिओबाईंना वाटते काकांना जिंकल्याचा आनंद होतो.

मागच्या शुक्रवारी परत येताना अक्का म्हणाली, "त्याला विचारलं पाहिजे रे, किती दिवस चालेल त्याला म्हणून."

"विचारू," बापू म्हणाले.

"तू विचारणार नाहीस."

तिने उजव्या हाताने त्यांचा दंड धरला होता, रस्ता ओलांडायला. पकड घट्ट होती. दंडावर तो हात हलकेच दाबला जात होता आणि सुटत होता. एक, दोन. बापूंनी त्यावर आपला हात ठेवला आणि तसाच ठेवून घरापर्यंत आले.

त्रुटीपूर्ततेचे पाचवे पत्र सोमवारी सादर केले. पोच मिळाली आहे. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.